कढीपत्ता आमटीसाठी की अळ्यांसाठी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

पुण्याच्या एका उपनगरातील सहकारी गृहरचना संस्थेत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. इमारतीमागची मोकळी पट्टी संस्थेने दोन वर्षांपूर्वी सामायिक बागेसाठी दिली आणि नऊ कुटुंबांनी मिळून तेथे भाज्यांचे वाफे, लिंबू, कढीपत्ता, जास्वंद आणि थोडी फुलझाडे लावली. फुलपाखरे आणि मधमाश्या याव्यात म्हणून या भगिनींनी स्वतःच्या खर्चाने एक तयार कीटकघर मागवून झाडाच्या फांदीला टांगले, पाण्याच्या थाळ्या ठेवल्या आणि फवारणीला विरोध केला. आता कढीपत्ता आणि लिंबू अळ्यांनी जवळजवळ निष्पर्ण केले आहेत, त्यामुळे शेजारच्या काकू नाराज आहेत. एका ज्येष्ठ सभासदांच्या नातवाला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता; त्यांना पाण्याच्या थाळ्या डोळ्यांसमोर नको आहेत. कीटकघरात वर्षभरात कोळी, मुंग्या आणि 'चिखलाने बुजलेली चार-पाच भोके' यांपलीकडे काहीही आलेले नाही. सप्टेंबरमधील वार्षिक सर्वसाधारण सभेत बागेच्या जागी लॉन करावे आणि दरमहा फवारणीचे कंत्राट द्यावे, असा ठराव मांडला जाणार आहे. "या लोकांना निसर्गाचे काहीच नाही. त्यांना कसे पटवू, की बागेचा नाद सोडून देऊ?" असे त्या विचारतात.

उत्तर

ताई, ठरावाकडे वळण्यापूर्वी त्या बुजलेल्या भोकांविषयी बोलू, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत चांगली बातमी तुम्ही अपयशांच्या यादीत टाकली आहे. ती भोके धुळीने बुजलेली नाहीत, कोणीतरी मुद्दाम लिंपलेली आहेत. बहुधा ते काम कुंभारणीच्या गोतावळ्यातील एखाद्या एकांड्या गांधीलमाशीचे असावे. ही मादी नळीत एकेक कप्पा करते, त्यात अंडे घालते, डंख मारून बधिर केलेल्या बारीक अळ्या पिल्लाला पुरतील इतक्या भरते आणि कप्प्याचे तोंड ओल्या मातीने बंद करून निघून जाते. पाने गुंडाळून आत बसणाऱ्या ज्या अळ्या वाफ्यांत उपद्रव करतात, त्यांपैकी कित्येकींचा शेवट अशा कप्प्यांत होतो. तिला राखण्यासारखे पोळे नसल्यामुळे ती माणसाच्या अंगावर धावून येत नाही. पेटी उतरवून भोके साफ करण्याचा विचार असल्याचे तुम्ही लिहिले आहे. तो कृपया रद्द करा. त्या चार-पाच नळ्यांत या घडीला पुढची पिढी वाढत आहे.

पेटीविषयी मात्र तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलायला हवे. बाजारात मिळणारी ही कीटकघरे मुळात थंड प्रदेशांच्या गरजेतून आली आहेत. तेथे कडाक्याच्या हिवाळ्यात कीटकांना दडून राहण्यासाठी आडोसा लागतो, म्हणून त्यांत पाइनची बोंडे, लाकडाचा भुसा, विटांचे तुकडे असे सर्व काही भरलेले असते. पुण्यातील कीटकांपुढे बर्फाचा प्रश्न नाही, चार महिन्यांच्या पावसाचा आहे. भुसा आणि बोंडे आपल्याकडे ओल धरतात, बुरशी येते आणि मुंग्यांची सोय होते. त्यातून ती पेटी फांदीला टांगलेली, म्हणजे वाऱ्याबरोबर हलणारी. नळीत घर करणाऱ्या माश्यांना उडत येऊन नेमक्या भोकात शिरायचे असते. हलते दार त्यांना सोयीचे नसते.

यापेक्षा चांगली सोय तुम्ही जवळजवळ विनाखर्च करू शकता. बारीक बांबू किंवा बोरूच्या काड्या घ्या आणि प्रत्येक तुकडा पेराच्या लगेच मागे कापा, म्हणजे त्याचे एक टोक आपोआप बंद राहील. तुकडा साधारण १५ सेंटिमीटर लांब असावा आणि आतील पोकळी ४ ते १० मिलिमीटर असावी. उघडे टोक काचकागदाने गुळगुळीत करा, कारण फाटलेल्या धाग्यांनी माश्यांचे पंख चिरतात. पंधरा-वीस तुकड्यांची जुडी एखाद्या जुन्या डब्यात किंवा पाइपच्या तुकड्यात घट्ट बसवून भिंतीला, छज्जाच्या आडोशाला, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, सकाळचे ऊन मिळेल अशा पूर्वेकडच्या बाजूला पक्की बांधा. तुकडे आडवेच हवेत, किंचित बाहेरच्या बाजूला उतरते. हा तपशील मी मुद्दाम देत आहे: उभा खोचलेला, वरून उघडा बांबू पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि त्यात डास वाढतात. तुमच्या बागेच्या कुंपणाला बांबूचे खांब असतील, तर त्यांची वरची तोंडेही मातीने किंवा सिमेंटने बुजवून टाका. एक मोठे 'हॉटेल' उभारण्यापेक्षा चार ठिकाणी चार लहान जुड्या बऱ्या, कारण एकाच जागी दाटी झाली की परजीवी आणि बुरशी यांचेही फावते. नळ्यांतून माश्या बाहेर पडल्या की त्या जुन्या नळ्या काढून वर्षाकाठी नव्या बसवाव्यात. गुलाबाच्या पानांच्या कडा कोणीतरी गोल कातरून नेलेल्या दिसल्या, तर पानकापी माशी वस्तीला आली असे समजावे. ती आपल्या कप्प्यांना पानांच्या तुकड्यांचे अस्तर लावते. गुलाबाला त्याने काही होत नाही, पण संस्थेतील गुलाबप्रेमींना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

इतके करूनही हा आडोसा बागेतील कीटकांच्या गरजेचा लहानसा भाग आहे. जगात मधमाश्यांच्या गोतावळ्यातील वीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी पोळे करून मध साठवणाऱ्या मूठभर. बहुतेक एकांड्या, आणि एकूण जातींपैकी सुमारे सत्तर टक्के जमिनीत बीळ करून राहणाऱ्या. त्यांना पेटी नको असते, उघडी माती हवी असते, आणि आपल्या संस्थांमध्ये नेमकी तीच दुर्मीळ झाली आहे. जेथे पेव्हर ब्लॉक नाहीत तेथे लॉन आहे, आणि जेथे लॉन नाही तेथे हौशी बागकाम करणाऱ्यांनी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातलेले आहे. आच्छादन चांगलेच आहे, पण दोन-तीन फूट लांबी-रुंदीचा एक तुकडा, उन्हातला, पाणी न साचणारा, थोडा उतरता, न खणता आणि न झाकता मोकळा ठेवा. काही महिन्यांनी त्यात पेन्सिलीच्या जाडीची बिळे दिसू लागली, तर त्यांवर पाण्याचा पाइप सोडू नका. पूर्वी वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींत राहणारी निळ्या पट्ट्यांची माशी अशा जागी येऊ शकते, आणि तिचे तुमच्या वाफ्यांशी थेट नाते आहे. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलातील पराग केसरांच्या आत बंद असतो. ही माशी आणि मोठा काळा भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतात, तेव्हा तो भुरभुरून बाहेर पडतो. पोळ्यातील मधमाशीला हे जमत नाही.

आता अळ्या. तुम्ही लिहिता, "फुलपाखरांसाठी एवढी फुलझाडे लावली, तरी अळ्यांनी कढीपत्ताच का खाल्ला?" या प्रश्नामागे असे गृहीत आहे की फुलपाखरू म्हणजे फुलावर बसणारा जीव, आणि अळी ही त्याच्या आड येणारी वेगळी ब्याद. प्रत्यक्षात फुलातील मध हा प्रौढ फुलपाखराचा अल्पोपाहार आहे. त्याची वाढ पानांवर होते, आणि तीही हव्या त्या पानांवर नाही. लिंबू, कढीपत्ता, कुंती, माकडलिंबू या एकाच कुळातील झाडांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, तो ब्लू मॉरमॉनही याच कुळावर वाढतो. म्हणजे जो कढीपत्ता फस्त झाल्याचे दुःख आहे, तोच तुमच्या बागेतील सर्वांत यशस्वी 'फुलपाखरांसाठीची लागवड' ठरला आहे.

याचा अर्थ काकूंनी आमटीला फोडणी देताना मुकाट बसावे असा नाही. सामायिक बागेतील एकुलता एक कढीपत्ता दोन दावेदारांत वाटायला निघालात, तर भांडण होणारच. उपाय म्हणजे झाडे वाढवणे. कढीपत्त्याच्या मुळांतून फुटणारी दोन-तीन पिले पावसाळ्यातच काढून बागेच्या मागच्या कडेला लावा आणि स्वयंपाकाच्या झाडावर दिसलेल्या अळ्या पानासकट तेथे नेऊन सोडण्याचा अधिकार काकूंनाच द्या. त्या रोज पाने खुडतात, म्हणून लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठेपणी हिरवीगार होणारी अळी त्यांच्याच नजरेला सर्वांत आधी पडेल. अळीला डिवचल्यावर ती डोक्यामागून नारिंगी-लाल शिंगे काढते आणि उग्र वास सोडते, एवढेच. तिला केस नाहीत, ती चावत नाही, खाज आणत नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा कारभार साधारण महिन्याभरात आटोपतो आणि कढीपत्ता पुन्हा फुटतो, किंबहुना छाटल्यासारखा अधिक दाट फुटतो. लिंबाचे रोप मात्र दोन फुटांहून लहान असेल, तर त्यावरील अळ्या उचलाव्यातच. एवढ्याशा रोपाला ते ओझे झेपत नाही.

शेवग्याच्या बुंध्यावर झुंडीने बसणारे केसाळ सुरवंट ही वेगळी गोष्ट आहे. त्यांच्या केसांनी अंगाला जबर खाज सुटते. मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ ते आले, तर काढून टाकण्यात काहीही गैर नाही. वांग्याचे शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीलाही अभय देण्याचे कारण नाही. माना टाकलेले शेंडे दर दोन दिवसांनी कापून नष्ट करावेत. हे मी लिहीत आहे, कारण तुमच्या पत्रात 'कीटक वाचवायचे की मारायचे' अशी एकच रेघ ओढलेली दिसते. तुमच्या विरोधकांनीही तीच ओढली आहे. कोणता कीटक, कोणत्या झाडावर आणि किती, हे विचारले की बहुतेक वादांची धार कमी होते.

डेंग्यूच्या बाबतीत ते ज्येष्ठ सभासद बरोबर आहेत, आणि हे तुम्ही त्यांना सभेच्या आधी त्यांच्या घरी जाऊन सांगावे असे मला मनापासून वाटते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटले तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते. पावसाळ्यात तुमच्या थाळ्यांची कोणत्याच कीटकाला गरज नसते, तेव्हा जून ते ऑक्टोबर त्या सरळ उपड्या घालून ठेवा. उन्हाळ्यात ठेवायच्याच असतील, तर उथळ थाळी, तिच्यात पाण्याच्या वर डोके काढणारे खडे, आणि एक दिवसाआड घासून नवे पाणी, तेही कोणाची पाळी आहे हे फलकावर लिहून. त्याहून चांगला पर्याय म्हणजे पाण्याऐवजी चिखल. फुलपाखरांचे नर ओल्या मातीतून क्षार शोषतात. मातीने काठोकाठ भरलेली थाळी रोज भिजवली की त्यांचे काम होते आणि डासाला अंडी घालायला पाणीच उरत नाही. त्याच भेटीत, सौम्यपणे, हेही सुचवता येईल की एडिसची पैदास बागेपेक्षा बाल्कनीतील कुंड्यांखालच्या थाळ्यांत, मनी प्लँटच्या बाटल्यांत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये आणि गच्चीवरील झाकण नसलेल्या टाक्यांत अधिक होते. आठवड्यातील एक 'कोरडा दिवस' सर्व घरांनी पाळावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडावा आणि तुम्ही अनुमोदन द्यावे. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, पाण्यातील अळ्या नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाने रुग्ण आढळल्यावर ती केली तर अडवू नका. मात्र दरमहा, सरसकट, बागेत केलेल्या फवारणीने डेंग्यू टळतो, हा समज सभेत विनम्रपणे दूर करायला हवा.

फवारणीच्या कंत्राटावर थोडे अधिक. कंत्राटदार 'हर्बल आहे, काही होत नाही' असे सांगतो. निंबोळी अर्क हा रासायनिक कीटकनाशकांहून सौम्य आहे हे खरे, पण तो अळ्यांची भूक आणि वाढ रोखतो, आणि त्याला काकूंच्या तक्रारीतील अळी आणि वांग्यातील अळी यांत फरक करता येत नाही. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी फांदी छाटणे, पाण्याचा जोरदार फवारा, फार तर साबणाच्या पातळ द्रावणाने तेवढ्याच फांदीला आंघोळ, इतके बहुतेक वेळा पुरते. पिठ्या ढेकणाचाच एक दाखला सभेत सांगण्यासारखा आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइंबतूरला प्रथम आढळला आणि पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. पपई आणि तुतीच्या बागांत शेतकऱ्यांनी फवारण्या केल्या, तरी तो हटेना. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून असेरोफॅगस पपायी ही अगदी बारीक परजीवी गांधीलमाशी आणून सोडण्यात आली, आणि तिने त्याला आवर घातला. तुमच्या बागेत मावा खाणारे चित्रभुंगे, फुलांवर तरंगणाऱ्या सिरफिड माश्या आणि क्रायसोपा हे जाळीदार पंखांचे हिरवे कीटक फुकट राबत आहेत. दरमहाच्या फवारणीत आधी तेच जातात, कारण त्यांची संख्या मुळातच कमी असते. समितीने कंत्राट दिलेच, तर चार अटी तरी घालून घ्या: औषधाचे नाव आणि लेबल समितीला दाखवावे, फुलोऱ्यावर फवारू नये, सूर्यास्तानंतरच फवारावे, आणि तक्रार असेल त्याच झाडावर फवारावे. घरांतील झुरळांच्या आणि गटारांच्या कंत्राटाचा बागेशी संबंध नाही. ते वेगळे ठेवले की अर्धा विरोध मावळेल.

गांधीलमाश्यांच्या कागदी पोळ्याचे काय, हा प्रश्न सभेत येईलच. फाटकावर, जिन्यात किंवा मुलांच्या उंचीवर पोळे असेल, तर ते जाणकार माणसाकडून काढून घ्यावे. तेथे निसर्गप्रेमाचा हट्ट नको. कोपऱ्यातील उंच छपराखाली असेल, तर राहू द्यावे. (या गांधीलमाश्यांपैकी एका जातीच्या समाजजीवनाचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी काही दशके अभ्यास केला, ज्यांना केवळ भीती वाटते, त्यांना कधीतरी यातील गंमतही सांगावी.) डंखानंतर श्वास लागला किंवा ओठ-घसा सुजला, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे, हे बागेच्या फलकावर लिहून ठेवा. आग्यामाश्यांचे पोळे इमारतीला लागले, तर स्वतः जाळण्याचा किंवा धूर करण्याचा उद्योग कोणीही करू नये. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. तिच्याकडे विचारणा करावी.

लागवडीत काय बदल करावा, असे तुम्ही विचारले आहे. नवीन रोपे विकत घेण्यापूर्वी असलेल्यांना फुलू द्या. आपण तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो, कोथिंबीर फुलावर आली की उपटतो आणि मुळ्याला फूल येऊ देत नाही. या तिन्ही फुलांवर सातेरी आणि फुलोरी या मधमाश्यांची आणि सिरफिड माश्यांची रीघ लागते. प्रत्येक वाफ्यातील दोन-चार रोपे फुलासाठी राखणे हा सर्वांत स्वस्त बदल आहे. कुंपणाला अडुळसा, कोरांटी आणि कुंती लावा. अडुळशावर भुंगे येतात, कोरांटीवर लेमन पॅन्सी हे फुलपाखरू अंडी घालते. पानफुटी तर कुंडीतही वाढते आणि तिच्यावर रेड पिअरो हे लहानसे देखणे फुलपाखरू वाढते. आवारात बहावा असेल, तर त्यावर एमिग्रंट फुलपाखरे येत असणार. रांगेत लावलेल्या उंच खोट्या अशोकावर टेल्ड जे. त्यांची पाने थोडी कुरतडलेली दिसली, तर माळीबुवांना कात्री चालवू देऊ नका. रुई प्लेन टायगर फुलपाखरासाठी उत्तम, पण तिचा चीक डोळ्यांना घातक असल्यामुळे मुलांपासून दूर, मागच्या कोपऱ्यात. यावर कोणी हरकत घेतली, तर संस्थेच्या प्रवेशद्वाराशी फुललेली कण्हेरही विषारीच आहे, हे हळूच सांगता येईल.

घाणेरी लावू नका. तिच्यावर फुलपाखरे तुटून पडतात हे खरे, परंतु पक्षी तिची फळे खाऊन बिया दूरवर नेतात, आणि टेकड्यांवर तिने केलेले अतिक्रमण तुम्ही पाहिलेच असेल. पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसबाबतही माझे मत तसेच आहे. एरवी मी 'फक्त देशी' असा हट्ट धरणार नाही. भोपळा, टोमॅटो आणि मिरचीही बाहेरूनच आलेल्या आहेत. झेंडू निवडताना मात्र एकेरी पाकळ्यांचा निवडावा, कारण गच्च दुहेरी फुलांत माशीला परागापर्यंत पोहोचायला वाटच राहत नाही.

आता पत्रातील त्या वाक्याकडे येऊ, की या लोकांना निसर्गाचे काहीच नाही. तुम्हीच लिहिले आहे की याच सभासदांनी वर्गणी काढून चिमण्यांसाठी लाकडी खोकी टांगली आणि तेथे रोज दाणे टाकले जातात. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस प्रामुख्याने कीटक आणि अळ्या भरवते. शिंजीर, दयाळ आणि शिंपीही तेच करतात. फवारलेल्या बागेत टांगलेल्या खोक्यात पिल्ले वाढायची कशी, हा प्रश्न त्यांच्याच आवडीतून निघतो आणि तो विचारण्यासाठी कोणालाही निसर्गद्वेष्टे ठरवावे लागत नाही. काकूंची तक्रार पानांची आहे, आजोबांची नातवाची, अध्यक्षांची बहुधा दिसण्याची. तिन्ही तक्रारी निरनिराळ्या आहेत आणि तिन्हींना निरनिराळी उत्तरे आहेत. संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर पर्यावरणाचे लेख टाकून त्यांना एका गटात ढकलण्याची चूक करू नका.

दिसण्याच्या तक्रारीला मी कमी लेखणार नाही. सामायिक जागा टापटीप दिसावी ही अपेक्षा रास्त आहे. बागेच्या कडेची फूटभर पट्टी कातरलेली, मधली वाट तीन फूट रुंद आणि स्वच्छ, आणि प्रत्येक झाडाशी त्याचे आणि त्यावर येणाऱ्या पाहुण्याचे नाव, एवढे केले की आतील पसारा हा दुर्लक्षाचा नसून ठरवून ठेवलेला आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळते. पालापाचोळा आणि जुन्या फांद्यांचा ढीग मागच्या टोकाला, इमारतीच्या भिंतीपासून लांब ठेवा, म्हणजे वाळवीची शंका राहणार नाही. सापांची भीती कोणी काढली, तर साप उंदरांमागे येतात आणि उंदीर उघड्यावर टाकलेल्या उष्ट्या अन्नामागे, तेव्हा खताच्या पिंपाला झाकण हवे, हे सांगा. पाचोळा जाळणे हा मात्र पर्याय नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनीही त्याला मनाई केली होती.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी, म्हणजे तुमच्याकडे काही आठवडे आहेत. लॉनच्या ठरावाला नुसता विरोध करण्याऐवजी पर्यायी ठराव समितीकडे लेखी द्या. मसुदा साधारण असा असू शकेल: "मागील पट्टीचा एक तृतीयांश भाग पुढील वार्षिक सभेपर्यंत प्रायोगिक तत्त्वावर फुलपाखरे व परागवाहक कीटकांसाठी राखावा. या भागात नियमित फवारणी होणार नाही. तक्रार आल्यास बाग समिती तीन दिवसांत पाहणी करून उपाय करील. बागेत उघडे साचलेले पाणी राहणार नाही, याची जबाबदारी बाग समितीची राहील. उरलेल्या दोन तृतीयांश भागात भाजी व बसण्याची जागा असेल." एक वर्षाची मुदत असल्यामुळे नाखूश सभासदांनाही हात वर करणे सोपे जाते, आणि बाग समितीत त्या आजोबांना आणि काकूंना घेतले, तर तुमच्यावरचा एकटीचा भारही उतरेल. तुमच्या पत्रात तो भार जागोजागी जाणवतो. नऊ कुटुंबांपैकी इतर आठांचा उल्लेख पहिल्या परिच्छेदानंतर कोठेही नाही. पाण्याच्या पाळ्या आणि अळ्या हलवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवल्याशिवाय ही बाग पुढच्या सभेपर्यंत टिकणार नाही, ठराव कोणताही होवो.

समजा, लॉनच झाले. मग नाद सोडण्याचे कारण नाही, जागा बदलावी लागेल इतकेच: पूर्वेच्या गॅलरीत कढीपत्त्याची एक मोठी कुंडी, पानफुटीच्या दोन, फुलू दिलेली तुळस आणि गजाच्या आडोशाला बांधलेली बांबूची जुडी, एवढ्यावरही लाइम, रेड पिअरो आणि पानकापी माशी चौथ्या मजल्यापर्यंत येऊ शकतात. फक्त जुनी झाडे काढण्यापूर्वी समितीकडून महिन्याभराची मुदत लेखी मागून घ्या. कढीपत्त्यावरील कोशांतून फुलपाखरे बाहेर पडण्यास साधारण दहा दिवस लागतात, आणि लिंपलेल्या नळ्यांची ती पेटी तोवर न हलवता तेथेच राहू द्यावी लागेल.